तिच्या भाषेतला राग

"कडक लिवा, देविदासभाऊ. वाचताना तिच्या हाताला कापरं भरलं पायजे."

प्रतिक्षानं मोबाईल काउंटरवर आदळला. हट्टा गावाहून जीपनं ती थेट जवळा बाजारला, देविदासच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात आली होती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत देविदास आणि तिचा नवरा हरीश पोलंडमध्ये एकाच गोदामात कामाला होते. देविदास परतला. हरीश तिकडंच राहिला.

"कोणाला लिहायचं?"

"एवा म्हणून बाई हाय. तीन वर्षं ह्यांच्यासंगं राहिली म्हणती." एवाच्या मेसेजची मोबाईलनं मराठीत करून दिलेली ओळ तिला पाठ झाली होती. "वरून म्हणती, 'मला तुझ्याबद्दल खेद आहे.' खेद. कचेरीचं पत्र हाय का हे?"

देविदासनं मान खाली घातली. "मला तिकडंच कुणकुण लागली व्हती, वहिनी. सांगायची हिंमत झाली न्हाई."

"तुमचं मागून बघते. आधी तिचं लिवा."

"हरीशला इचारलं?"

"रविवारी फोन येतो, तवा इचारीन. मागच्या रविवारी म्हणत व्हते, पोलंडात लई बर्फ पडून राहिला."

देविदासनं वही ओढली. "राग कोणता लिहू? तिकडं रागाला शब्द लई. एक भारदस्त, देवाच्या कोपासारखा. एक रोजच्या चिडचिडीचा. एक पिसाळलेल्या माणसाचा."

"तिन्ही लिवा."

लिहिण्याआधी त्यानं एवाचा मूळ पोलिश मजकूर उघडला. वाचता वाचता त्यानं पेन खाली ठेवला.

"हा खेद न्हाई. 'झाल' हाय, तिकडचा शब्द. मोबाईलनं आधी इंग्रजी केलं असंल, मग मराठी. त्यात शब्द बिघडला."

"मग काय म्हणून राहिली ती?"

"ज्यानं दुखावलं त्याच्यावर मनात धरलेली अढी. दुःख बी त्यात, राग बी त्यात. माफी मागून न्हाई राहिली ती. तुमच्यावर रागावली हाय."

प्रतिक्षाच्या कपाळाची शीर ताठ झाली. "माझ्यावर? काहून? नवरा माझा, ठेवून घेतला तिनं. मी तिचं काय घेतलं?"

मजकुराखाली एवाचा आवाजातला निरोप होता. त्याचं मराठी मोबाईलला जमलं नव्हतं. देविदासनं तो कानाला लावून दोनदा ऐकला. मग प्रतिक्षाकडं न बघता एकेक वाक्य सांगू लागला.

"'मागच्या दिवाळीला हरीश कायमचा भारतात तुझ्याकडं निघाला, तवा विमानतळावर मीच सोडलं त्याला. वर्ष झालं. तुझा नवरा तुझ्या घरी ऱ्हाऊ दे. पण आमच्या लेकीसंगं फोनवर तरी बोलू देत जा त्याला.'"