बटणावरचं बोट

उड्डाणापूर्वी को-पायलटने, म्हणजे मी, एकेका बटणाचं नाव वाचायचं आणि कॅप्टननी त्यावर बोट ठेवूनच "तपासलं" म्हणायचं. आमचे कॅप्टन यात इतके कडक की सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. आज "तपासलं" ऐकू आलं, पण बोट मांडीवरच होतं. मी तोंड उघडण्याआधीच गुरुजींनी त्या बोटाकडे पाहिलं, टोपी उचलली आणि ऑफिसला फोन लावला. "वडील गेल्यापासून मला झोप नाही, डोकं ठिकाणावर नाही. दुसरा कॅप्टन पाठवा." मग प्रवाशांसमोर उभे राहून म्हणाले, "उशीर माझ्यामुळे होतोय. मी फार थकलोय, आज विमान नेणार नाही." मागून कोणीतरी पुटपुटलं, "असला कसला पायलट?" गुरुजी टोपी काखेत धरून ताठ मानेने शिडी उतरले. पुढच्या महिन्यात माझी लेक पहिल्यांदाच एकटी विमानाने जाणार आहे. तिला पायलट असलाच मिळू दे.