पाण्यासारखा वाहणारा व्हिडिओ

माणसाने आयुष्यात एक तरी वस्तू स्वतःच्या हाताने घडवावी, असं भाऊजींचं मत होतं. म्हणून टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर त्यांनी घरीच जुळवला. “कितीही जड व्हिडिओ टाका, पाण्यासारखा वाहतो,” म्हणत त्यांनी मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाची फोर-के फाईल लावली. समोर अख्खी सासुरवाडी बसलेली. डोळे पुसणाऱ्या मेहुण्यावर चित्र अडकलं, आवाज मात्र चालूच राहिला: “कॅमेरा दिसला की लगेच रडतो. नाटक कंपनी नुसती!” भाऊजींनी रिमोट दाबदाब दाबला, डबा ऐकेना. “कुणाचा हो आवाज?” सासूबाईंनी विचारलं. “केटरर असेल,” भाऊजी म्हणाले. बायकोने नवऱ्याचा आवाज ओळखला आणि नजर पायपुसण्याकडे वळवली. “चित्र हललं की दिसेल कोण ते,” सासूबाई म्हणाल्या. ते हलू नये, एवढीच भाऊजींची इच्छा उरली. मेहुण्याने तडा गेलेला मोबाईल काढून तीच फाईल लावली. ती एकदाही अडकली नाही.