चौथ्या मजल्याची लिफ्ट

लिफ्ट तिसऱ्या मजल्यापाशी पुन्हा गचकली. जिन्याखालच्या खोलीत महिपतीने मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह थांबवला आणि आकडे पुन्हा पाहिले. नव्या मोटरची अर्ध्या वेगापर्यंत काही तक्रार नव्हती. पाऊण वेगाला मात्र झटका बसत होता.

"हळू चालतेय ना? मग तशीच द्या," अनुपमा सिस्टर दारातून म्हणाल्या. महाडच्या त्या हॉस्पिटलची लिफ्ट तीन दिवस बंद होती.

"हळू चालते ती माझ्या हातात, सिस्टर. तुम्ही बटण दाबलंत की पूर्ण वेगानेच निघणार. त्या वेगाला नीट थांबते का ते बघितल्याशिवाय मी माणूस चढवणार नाही."

"बाबा सकाळपासून बसलेत. त्यांच्यासाठी तरी उरका."

बाबा म्हणजे नाथू. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या वाडीतले. खोलीच्या दाराबाहेर, लिफ्टसमोरच्या बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

"पेशंट कोण, बाबा?" सिस्टर गेल्यावर महिपतीने विचारलं.

"मालकीण माझी. गोदू."

"ऑपरेशन?"

"पोटाचं."

"डोंगरावरून आणलंत कसं?"

"डोलीतून. वाडीतली चार पोरं. सडकेपर्यंत दीड तास, मग जीप. उतार आला की पुढचा बोलतो, मागचा पाय आवरतो. जराबी हिसका बसत नाय."

"माझा ड्राइव्हही तेच करतो. मजला जवळ आला की मोटरला सांगतो, पाय आवर."

"मंग तुझा मागचा लय आडदांड दिसतोय."

महिपती हसला. त्याने वेग उतरायला जास्त अंतर दिलं, वाळूची पोती भरून लिफ्ट पुन्हा पाठवली. पाऊण वेगाला झटका गेला. पूर्ण वेगाला थोडा उरला. त्याने आकडा किंचित बदलला.

"घाई नाय, मिस्त्री," नाथू म्हणाले. "फक्त तिला धक्का नको. जिन्यात वळणं लय. माणूस कलतो."

"घाई नाही म्हणू नका, बाबा. माझ्या बायकोच्या वेळी मीही तेच म्हणत बसलो होतो."

नाथूंनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

"कधी गेली?"

"मार्गशीर्षात."

नाथू बाकावर सरकले, शेजारी जागा केली. महिपती बसला नाही. त्याने भरल्या लिफ्टची वीज मुद्दाम मध्येच तोडून पाहिली. ब्रेकने ती जागच्या जागी धरली. मग पूर्ण वेगाने तीन फेऱ्या. तिन्ही वेळा लिफ्टचा तळ मजल्याच्या फरशीशी बरोबर जुळला. पेला भरून ठेवला असता तरी पाणी हललं नसतं.

पोती उतरवून त्याने हात पुसले. एवढ्या समाधानाने काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

"झाली, बाबा. ऑपरेशनची खोली चौथ्यावर ना? गोदूबाईंना आणा. मी स्वतः वर नेतो. पंधरा सेकंद लागतील."

नाथू उठले आणि एकटेच लिफ्टमध्ये शिरले.

"ती वरच हाय रे. परवा पोरांनी जिन्यानं नेली," ते म्हणाले. "आता खाली आणायची. पोरं लाकडं रचायला पुढं गेलीत."