सीटखालची लाल गाठ

'हात लावू नये' अशी पाटी डोळ्यांसमोर असताना तिच्या नवऱ्यानं गाडीच्या टपावर थाप मारलीच. घरच्या पोराच्या पाठीवर मारावी तशी.

"ही बघ, लेका. आमच्या कारखान्याची गाडी. सव्वीस वर्षं मी इन्स्पेक्शनला होतो. माझा सात नंबरचा शिक्का बसल्याशिवाय आमच्या पाळीतली गाडी फाटकाबाहेर पडायची नाही. आणि न तपासता मी एक दार सोडलं नाही, एक सीट सोडली नाही."

"एकही?" मित्रानं विचारलं.

"एकही."

मित्र आणि त्याची बायको परगावाहून दोन दिवसांसाठी आले होते. आल्यापासून या संग्रहालयाचं कौतुक ऐकून त्यांचे कान किटले असणार. मित्र गणिताचा मास्तर. दुसऱ्याच्या वहीतली चूक शोधण्यात त्याची हयात गेली होती आणि निवृत्त झाल्यावरही ती खोड गेली नव्हती. नवरा मात्र आज कुणाला आवरणारा नव्हता. कारखान्याचा जुना निळा कोट चढवून आला होता. निघता निघता कोटाचं बटण तुटलं, तर "दुसरा घाला" म्हटलेलं त्याला चाललं नाही. मग तिनं उभ्या उभ्याच त्याच्या अंगावर ते टाचून दिलं.

आता ती दोन पावलं मागं उभी होती. याच कारखान्यात एकोणीस वर्षं तिनं सीटा शिवल्या होत्या. नवऱ्याच्या गोष्टींत तिच्या वाट्याला एकच वाक्य यायचं, "आमची ही पण तिथंच होती, शिलाईत." ते आजही येऊन गेलं होतं. एरवी ती मनात हसली असती. आज तिचं लक्ष दुसरीकडंच होतं.

खिडकीपाशी एका चौथऱ्यावर गाडीतून काढलेली सीट ठेवली होती. आतल्या स्प्रिंगा दिसाव्यात म्हणून तिच्याखाली मोठा आरसा बसवला होता. गेल्या वर्षी तो नव्हता.

कारखान्यात फिटरला त्याचा नंबर होता, तो दारावर ठोकला जायचा. इन्स्पेक्टरला शिक्का होता. शिवणाऱ्या बायकांना काहीच नव्हतं. दोरा काळा वापरायचा, एवढा एक नियम होता. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिच्या मनानं घेतलं आणि शेवटच्या टाक्याशी, सीटच्या खालच्या अंगाला, तिनं लाल दोऱ्याची गाठ मारली. दोन वेढे आणि एक बारीक शेपूट. मग प्रत्येक सीटला मारत गेली. कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला तर नाहीच नाही. कारण पहिल्याच वर्षी त्यानं तिच्या तीन सीटा सगळ्यांदेखत परत पाठवल्या होत्या. घरी दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "शिवण वाकडी होती." आणि होतीच वाकडी.

"अहो, आधी इंजिनं बघू या का? तिकडं गर्दी नाही," ती घाईनं म्हणाली.

पण मास्तर आरशावर वाकले होते.

"हे लाल काय आहे रे?"

संग्रहालयातली माहिती सांगणारी बाई पुढं आली. "त्याचं आम्हालाही कोडंच आहे. दुरुस्तीसाठी सीटा काढल्या, तर अकरा गाड्यांत ही गाठ निघाली. नियम काळ्या दोऱ्याचा होता म्हणे. गाठ कुणाची ते कळलं, तर इथल्या पाटीवर नाव लिहायचंय."

मास्तरांना आयतंच सापडलं. "म्हणजे नियमाबाहेरचा दोरा, तोही अकरा गाड्यांत! आणि सात नंबरचा शिक्का काय डुलक्या काढत होता?"

"अहो, पुरे की," त्यांच्या बायकोनं कोपरानं ढोसलं.

नवरा वाकून आरशात बघत राहिला. तिला ते बघवेना. आयुष्यभर या माणसानं मिरवलं ते एवढंच, की त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. आणि आज जिवलग मित्रासमोर तो तोंडघशी पडला तो तिच्या दोऱ्यानं. इतकी वर्षं त्या गाठीचा तिला केवढा अभिमान होता. आत्ता वाटलं, मारलीच नसती तर बरं झालं असतं.

"भाऊजी, ती गाठ माझी आहे," ती म्हणाली. "ह्यांना काही ठाऊक नव्हतं. मीच फसवलं ह्यांना."

नवरा सरळ उभा राहिला. त्यानं कोटाचं बटण सोडलं आणि ती बाजू उलटी करून सगळ्यांसमोर धरली. बटणामागं लाल दोऱ्याची गाठ होती. दोन वेढे आणि एक बारीक शेपूट.

"माझ्या प्रत्येक कपड्याला ही गाठ आहे," तो त्या बाईला म्हणाला. "आणि हिला वाटतंय, मला ठाऊक नव्हतं! लिहा पाटीवर हिचं नाव. ठळक लिहा."

मग तो मित्राकडं वळला. मान ताठच होती, आवाज मात्र खाली आला.

"मघाशी एक खोटं बोललो बघ. एकही सीट न तपासता सोडली नाही म्हणालो ना? लाल गाठ दिसली, की मी ती सीट तपासायचोच नाही. सरळ शिक्का मारायचो."