छप्पन्न माणसांचा तक्ता

तक्त्यात एकही घर नापास नव्हते. झेनाइदेबाईंना नेमके तेच खटकले.

सोमवारी त्यांच्या सातवीच्या वर्गाने खालच्या गल्लीतल्या चौदा घरांतली सगळी माणसे टेकडीवरच्या, धोक्याच्या वेळी जमण्याच्या जागेपर्यंत चालवून पाहिली होती. धडा वेगाचा होता. अंतर आणि वेळ मुलांनी स्वतः मोजायची होती. लोखंडाच्या खाणीचा गाळ अडवणारा बांध गल्लीपासून तीन किलोमीटर वर आहे. तो फुटला तर गाळ नऊ मिनिटांत पोहोचेल, असे कंपनीच्याच पत्रकात छापले होते. त्याच पत्रकात गल्लीला ‘स्वयंबचाव क्षेत्र’ म्हटले होते. याचा अर्थ एवढाच, की वाचवायला कोणी येणार नाही.

सोमवारी पाच घरांना बारा मिनिटांहून जास्त वेळ लागला. घर एकत्र निघते आणि त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या वेगाने चालते. वान्देर्लेईचे म्हणणे असे, की त्याची आजी बिंगोच्या खेळाला निघाली की धावतच सुटते. धोक्याच्या भोंग्याऐवजी बिंगोची घंटा वाजवावी. वर्ग हसला. बाईंनी हसू ओसरू दिले आणि काम नेमून दिले: वेळ नऊच्या आत आणा. कठडा, पायऱ्या, हातगाडी, काहीही सुचवा. तक्ता शुक्रवारी कंपनीकडे जाणार होता. टेकडीला पायऱ्या मागायच्या तर बाईंकडे दुसरा पुरावा नव्हता.

आज गुरुवार. मुलांनी आणलेल्या नव्या तक्त्यात सर्वांत संथ घर सात मिनिटे चाळीस सेकंदांत वर पोहोचले होते. कठड्याचा उल्लेख नव्हता, हातगाडीचाही नव्हता. बाईंनी माणसे मोजली. सोमवारी एकसष्ट. आज छप्पन्न.

त्यांनी खडू खाली ठेवला. न पटणारे मापन गाळणे हा भौतिकशास्त्रातला एकमेव गुन्हा आहे, असे त्यांनी शांतपणे सांगितले. पाच नावे खोडल्याने पाच माणसे वेगाने चालू लागत नाहीत. आणि हा तक्ता पाहून कंपनी पायऱ्या कशाला बांधेल, असेही विचारले.  वान्देर्लेईसुद्धा वहीकडे पाहत होता.

मग जुसारा उठली. वर्गातली सर्वांत काटेकोर मुलगी. तिने दप्तरातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. त्यावर एकच ओळ होती: आमच्यासाठी कोणी थांबू नये. खाली चार सह्या आणि एक अंगठा.

“आम्ही नाही खोडलं, बाई. त्या पाच जणांनीच नावं काढायला लावली.”

बाईंनी कागद दोनदा वाचला. नव्या तक्त्यातल्या वेळा निदान अंदाजाने तरी लिहिल्या आहेत ना, असे त्यांनी विचारले. मुलांनी आकडे बनावट लिहिलेले असावेत, अशी त्यांना प्रथमच आशा वाटत होती.

“नाही, बाई. काल पळून पाहिलं. पाचही जण खाली बाकावर बसले होते. मागं वळायचं नाही, असं ठरलं होतं.”

“आणि वेळ कोणी मोजली?”

“घड्याळ बाकावर माझ्या आजीकडं होतं,” जुसारा म्हणाली. “आम्ही वरून हात हलवला की ती बटण दाबायची. दोनदा करावं लागलं. पहिल्यांदा दोघं मागं वळली, म्हणून तिनं ती वेळ बाद केली.”