मोरस बेटाचा पाव्हणा

"आमचं ह्ये बी मोरसलाच व्हतं की, लई वर्सं," मुलीची आई बाळाबाई कौतुकानं म्हणाली, आणि ज्ञानबाच्या हातातली चहाची बशी तोंडाशी पोचायच्या आतच थांबली.

ही गोष्ट मध्यस्थानं सांगितलीच नव्हती. मुलगी गोदावरी, बापाचं नाव श्रीमंत, घर सोलापुरात सात रस्त्याच्या अलीकडं, मेंढरं गावाकडं भावाच्या हवाली, एवढंच कळलं होतं. मुलीचा बाप मॉरिशसला राहून आलाय हे आधी समजलं असतं, तर ज्ञानबा या घराची पायरी चढला नसता.

कारण ज्ञानबा मोरसला कधी गेलाच नव्हता. तो अंदमानात होता. तरुणपणी चराऊ रानावरून भांडण पेटलं, काठ्या चालल्या, त्याच्या काठीनं समोरचा माणूस दगावला आणि सरकारनं त्याला काळ्या पाण्यावर धाडलं. त्याची बायको बनाबाई तान्ह्या एकनाथला घेऊन गाव सोडून सोलापुरात आली. इथं कुणी विचारलं की, मालक मोरसला उसाच्या मळ्यावर गेलेत, असं ठोकून द्यायची. सुटून आल्यावर ज्ञानबानं तीच थाप पुढं चालवली. माणूस मारल्याची लाज त्याला जन्मभर पुरणार होतीच, पण ती एकनाथच्या वाट्याला का यावी? काळ्या पाण्याच्या माणसाच्या घरात मुलगी कोण देणार?

एकनाथ आता गिरणीच्या हापिसात कारकून होता. त्याचं शाळेतलं भूगोलाचं पुस्तक घरात पडून होतं. "वाच रे जरा मोरसचं," म्हणून ज्ञानबा बसायचा, आणि बापाला जुने दिवस आठवतात अशा समजुतीनं पोरगं जीव ओतून वाचायचं. ज्ञानबाला अक्षर कळत नव्हतं, पण ते पान तोंडपाठ झालं होतं.

आज ते पान कामी आणायचं होतं. गोदावरी चहा देऊन आत गेली होती आणि एकनाथचे कान लाल झाले होते. पोराला मुलगी पसंत होती. मग ज्ञानबानं मनाशी ठरवलं, समोर साक्षात मोरसचा गव्हर्नर येऊन बसला तरी मागं हटायचं नाही.

"सांगा की आबा, बंदराचं," एकनाथ अभिमानानं म्हणाला. आपलंच पोरगं आपल्याला असं खड्ड्यात ढकलत होतं.

"पोर्ट लुई," ज्ञानबा ठासून बोलला. "बोटीवरनंच डोंगर दिसत्यात. ज्वालामुखीचं बेट त्ये, त्यो आता इझल्याला. समुद्रात कडंकडंनं पवळ्याच्या खडकांची रांग. वादळ आलं की घरावरचं पत्रं उडून जात्यात."

"व्हय," श्रीमंत म्हणाला. तेवढंच. तो भिंतीला टेकून सुपारी कातरत होता आणि मान वर करत नव्हता.

"आन माणसं वो कशी?" बाळाबाईनं विचारलं. "ह्ये काय बोलतच न्हाईत त्या मुलकाचं. इचारलं की उठून जात्यात."

"बिहारी लई. मद्रासी हाईत, कोकणातली आपली मराठी माणसं हाईत. आफ्रिकेतनं धरून आणल्याली, त्यांची बी पोरंबाळं हाईत. दुकानं चिन्यांची आन मळं फ्रेंचांचं."

"आन राज्य?"

"राज्य इंग्रजाचं. गव्हर्नर इंग्रज, पर निम्मा कायदा फ्रेंचांचा. गव्हर्नराच्या मंडळात मळेवाल्यांचाच शब्द चालतो. आपल्या गरिबाचं कोण ऐकतंय?"

"बराबर हाय," श्रीमंत म्हणाला.

त्या दोन शब्दांनी ज्ञानबाच्या पाठीवर घाम फुटला. हा गडी ढील देतोय, त्याला वाटलं. सगळं ऐकून घेणार आणि शेवटी एकच प्रश्न असा टाकणार की आपण भर बैठकीत तोंडघशी पडणार. त्या धास्तीत तो नको तेवढं बोलून गेला.

"रान तोडाय गेलं की साप लई निघायचं."

बोलला आणि त्यानं जीभ चावली. मोरसला विषारी साप नाहीत, असं पुस्तकात चक्क लिहिलेलं होतं.

"लई," श्रीमंत हळूच म्हणाला. "आन जळवा बी."

आता तर ही उघड थट्टाच होती. बनाबाईनं पदर तोंडाशी धरला. उठून जावं असं ज्ञानबाला एकदा वाटलं, पण शेजारी एकनाथ भक्तिभावानं ऐकत बसला होता. ज्ञानबानं मांडी आणखी घट्ट घातली. काय विचारायचं ते विचारा म्हणावं.

विचारलं ते बाळाबाईनंच. "पाव्हणं, तुमी कुटल्या बोटीनं गेला व्हता?"

हे पुस्तकात नव्हतं. ज्ञानबा जन्मात एकाच बोटीत चढला होता, आणि त्याच्या तोंडून तेच नाव निघून गेलं.

"महाराजा."

श्रीमंताच्या हातातला अडकित्ता थांबला. महाराजा मोरसला जात नसे. मद्रासला बेड्या घातलेले कैदी भरून ती अंदमानला नेऊन सोडायची. बाकी कुणाला ठाऊक नसलं, तरी समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला एवढं कळणारच. श्रीमंतानं पहिल्यांदाच मान वर केली आणि तो ज्ञानबाकडं टक लावून बघत राहिला.

संपलं होतं. ज्ञानबानं बशी खाली ठेवली. आता लपवायचं नाही. आपल्याच तोंडानं सांगायचं, पाय धरायचे आणि पोराचा यात काही दोष नाही एवढं हात जोडून सांगायचं. त्यानं फेटा काढून मांडीवर घेतला.

"अगं बाई! मग तुमची गाठ कशी न्हाय पडली?" बाळाबाई हरखून म्हणाली. "ह्ये बी महाराजा बोटीनंच गेलं व्हतं की!"