जांभळा दिवा

"शोधा आता चोर!" सिस्टरने पडदे ओढले, कॉरिडॉरचे दिवे मालवले आणि जांभळा दिवा मुलांच्या हाती दिला.

दहावीची मुलं ती. पुढे डॉक्टर व्हायचं, नर्स व्हायचं की आणखी काही, ते ठरवायच्या आधी हॉस्पिटल आतून बघा म्हणून शाळेने पाठवलेली. रक्ततपासणी, एक्स-रे बघून पार कंटाळली होती. सिस्टरचा खेळ मात्र त्यांना आवडला. एकाचा रोग दुसऱ्याला लागू नये, हे बघणं सिस्टरचं काम. आल्या आल्या तिने प्रत्येकाच्या तळहाताला स्वतः एक निरुपद्रवी पूड चोळली होती, साध्या उजेडात न दिसणारी. मग सगळ्यांनी साबणाने हात धुतले, सिस्टरनेही धुतले. ज्याचे नीट धुतले गेले नसतील, त्याची बोटं आता जिथे तिथे चमकणार होती.

चमकलीच. लिफ्टचं बटण, जिन्याचा कठडा, बरोबर आलेल्या बाईंच्या पर्सची चेन. एका वात्रट पोराचं तर अख्खं नाक. "अरे, हा नाकाने हात धुतो!" पोरं खिदळली.

सिस्टरही हसत होती. मागून सगळे तिला साबणबाई म्हणत, ते तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. दिवसातून किती वेळा हात धुवायची, देव जाणे. बोटांची कातडी बाराही महिने फुटलेली. जरा मलम लावा हो, असं कुणी म्हटलं की म्हणायची, "मलमाला मेली घाण चिकटते."

पण हसता हसता तिची नजर पुन्हा पुन्हा कॉरिडॉरच्या टोकाला जात होती. तिथल्या काचेपलीकडे अपुऱ्या दिवसांच्या बाळांची खोली होती. मूळची ती त्याच खोलीतली नर्स. बाळं अजूनही तिच्या हाताला शांत व्हायची. महिन्याभरात तिथली दोन बाळं तापाने गेली होती. दुसरं जुळ्यातलं, आणि आता कालपासून त्याची बहीणही तापली होती. जंतू एकच होता, कुणाच्या तरी हातातून येत होता. सिस्टरने सगळं पालथं घातलं आणि शेवटी संशय झाडलोट करणाऱ्या मावशींवर बसला. मावशी रडल्या, पोटच्या पोराची शपथ घेतली. तरी सिस्टरने त्यांना तिथून हलवलंच. बाळाच्या जिवापुढे शपथा काय चाटायच्यात? मावशी गेल्या, आणि तरीही ही तिसरी तापली. तेव्हापासून सिस्टरला झोप नव्हती.

"ए, तिकडे नाही हं जायचं!" ती ओरडली.

"आत नाही गेले, सिस्टर," चष्मेवाली मुलगी म्हणाली. "बाहेरूनच दिवा धरला. पण ते बघा ना."

आत उजेड मंद होता. काचेला लागून बाळाची पेटी होती, आणि पेटीत हात घालायच्या गोल खिडकीच्या कडेवर बोटांचे हिरवट ठसे उमटले होते.

सिस्टरच्या काळजात धस्स झालं. आणि, खोटं कशाला बोला, पाठोपाठ तिला आनंदही झाला. महिनाभर ती असाच एक हात शोधत होती!

"आत कोण गेलं होतं? खरं सांगा, मी रागावणार नाही." राग तर नाकावर होता.

"मुलं माझ्या डोळ्यांसमोर होती हो," बाई म्हणाल्या.

"तुम्हीच गेला होतात ना," चष्मेवाली म्हणाली. बोलण्यात खोच अशी काही नव्हती. "मघाशी, बाळ रडत होतं तेव्हा."

"मी पुन्हा हात धुऊन गेले होते. कोपरापर्यंत. तुमच्यादेखत!"

"हो, बघितलं आम्ही." तरी तिने दिवा पुढे धरलाच.

"सिस्टर, हात दाखवून अवलक्षण होईल हं!" नाकवाला ओरडला.

सिस्टरने हसत तळवे पुढे केले. स्वच्छ. मग तिने हात उलटे केले. बोटांच्या पेरांवर, नखांच्या कडेला, कातडीच्या एकेका चिरेत बारीक हिरवी रेघ चमकत होती. पूड बसते तिथे दुसरंही बसतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. इतकी वर्षं तीच ते सगळ्यांना बजावत आली होती.

चोर सापडला म्हणून पोरांनी टाळ्या पिटल्या. एकट्या चष्मेवालीने पिटल्या नाहीत.

तेवढ्यात काचेचं दार उघडलं. जुळ्यांची आई होती, अंगात हॉस्पिटलचा गाऊन, डोळे जागरणाने सुजलेले. "इथेच आहात होय सिस्टर? या ना जरा. रडतेय बघा परत. तुमचा हात फिरला की कशी गप्प होते, बाकी कुणाचं ऐकतच नाही."

सिस्टरने हात पाठीमागे घेतले. दिवे लावले असते तर काही दिसलंही नसतं. पोरं गंमत म्हणून घरी गेली असती, आणि दोष मावशींच्या माथी होताच. एक क्षण तिला तसंच करावंसं वाटलं. आपल्याला असं वाटलं, याचीच तिला भीती वाटली.

"नको, ताई," ती म्हणाली. "हिला यापुढे मला हात लावू देऊ नका. दुसरी नर्स बोलावते. ते... ते माझ्या हातांतूनच जातंय."

आईला आधी कळलंच नाही. तिने मुलांकडे बघितलं, त्या दिव्याकडे बघितलं, आणि सिस्टरच्या पाठीमागे गेलेल्या हातांकडे. मग हळूच मागे सरकून तिने दार अर्धं लोटून घेतलं.

"आणि हिचा भाऊ?" ती म्हणाली. "तो तर सारखा तुमच्याच हातात असायचा."